आडवं होऊन बघायचं

भालेराव सिस्टर एखाद्या वृद्धाश्रमात गेल्या की ऑफिसात बसायच्या नाहीत. चहाही घ्यायच्या नाहीत. दारात चपला काढून भिंतीला लावून ठेवायच्या आणि विचारायच्या, "एखादी मोकळी खाट आहे का? दोन तास पडते." समोरचा माणूस आधी हसायचा, मग गोंधळायचा, मग आत कुणाला तरी विचारायला जायचा. खाट मिळाली की सिस्टर मनगटावरचं घड्याळ सोडून सोबत आलेल्याच्या हातात द्यायच्या, पांढऱ्या साडीचा पदर पोटावरून घ्यायच्या आणि डोळे मिटून आडव्या व्हायच्या. दुपारी दोन ते चार. खाट द्यायला कुणी नाही म्हणालं तर वाद घालायच्या नाहीत. चपला घालून म्हणायच्या, "चल. झाली तपासणी."

घड्याळ का काढून देता, असं मी एकदा विचारलं होतं. "आडव्या माणसाजवळ घड्याळ नसतं गं," त्या म्हणाल्या. "त्याच्याजवळ नुसती वाट बघणं असतं. मनगटावर घड्याळ ठेवून पडलं तर मग मी पाहुणी झाले."

त्यांचं पूर्ण नाव यमुना भालेराव. एका सरकारी हॉस्पिटलात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा शहाडच्या एका कारखान्यात होता, तो तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. उल्हासनगरात जुन्या लष्करी बराकीतल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. आजूबाजूला सगळी सिंधी कुटुंबं. ती त्यांना 'अदी' म्हणायची, म्हणजे ताई. कुणाचं बाळंतपण, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या सासूच्या पाठीला पडलेली जखम, सगळ्याला अदी. खिडकीत बुद्धाची वीतभर मूर्ती आणि तिच्यापुढे रोज एक ताजं फूल. फूल शेजारणीच्या कुंडीतलं, पण रोज विचारून तोडलेलं. शेजारीण म्हणायची, "अदी, बीस साल हो गये, अब तो मत पूछो." सिस्टर म्हणायच्या, "तुमने एक दिन ना बोला तो?"

ही आडवं होण्याची सवय त्यांना नोकरीच्या अगदी शेवटी लागली. पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्या स्वतःच्याच वॉर्डात नऊ दिवस पडून होत्या. "तीस वर्षं मी पेशंटच्या पाण्याचा ग्लास लॉकरवर ठेवत आले," त्या मला सांगायच्या, आडनावाने हाक मारत. "रोज. व्यवस्थित झाकण घालून. आणि ज्या दिवशी मी आडवी झाले ना, त्या दिवशी हात लांब केला तर ग्लास चार बोटं पलीकडे. पोचेचना. तीस वर्षं, राणे! किती लोकांना मी ते पाणी नुसतं दाखवलं असेल." हे सांगताना त्या हात खरोखर लांब करून दाखवायच्या, आणि बोटं हवेत थांबायची.

त्यानंतर त्या आश्रम आणि नर्सिंग होम बघायला लागल्या. सरकारी नेमणूक नव्हती, फी नव्हती. आसपासच्या डॉक्टरांचा त्यांच्यावर विश्वास होता, एवढंच. दोन तासांनी उठल्या की त्या बाहेर यायच्या, रस्त्यावरच्या टपरीवर चहा घ्यायच्या आणि पर्समधल्या छोट्या वहीचं पान फाडून त्यावर दोन ओळी लिहून द्यायच्या. ती चिठ्ठी म्हणजे निकाल. तोंडी काही सांगितलं तरी चिठ्ठी दिल्याशिवाय काम संपलं असं त्या मानत नसत.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. ऐंशीचं दशक संपून नव्वदीतलं पहिलंच साल चालू होतं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांच्या कारखान्यात मी खरेदी विभागात होते. आलेला माल उघडून बघायचा, नमुना तपासायला पाठवायचा, तीन पुरवठादारांचा तुलनेचा तक्ता करून साहेबांपुढे ठेवायचा. या कामात माझी चूक निघत नसे. लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती. स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांत आई आणि मी.

आईला एका सकाळी चहा गाळता गाळता अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उरला, 'नको'. भूक लागली तरी नको, पोट भरलं तरी नको, मी आले तरी नको, निघाले तरी नको. मी दिवसाला बाया ठेवल्या. पहिली महिन्यात गेली, दुसरी आठवड्यात. तिसरी चांगली वाटत होती. एक दिवस सहाला घरी आले तर आई सकाळी ठेवली होती त्याच कुशीवर होती. चादर ओली होऊन, अंगाखालीच वाळून कडक झाली होती. बाईचा पत्ता नव्हता. ती दुपारी गेली की सकाळीच, हे आई सांगू शकत नव्हती. मी विचारलं, "आई, कधीपासून अशी आहेस?" आई म्हणाली, "नको."

चादर धुताना मी ठरवलं, आईला आश्रमात ठेवायचं. लोक काय म्हणतील याची काळजी मला कधीच फारशी नव्हती. भीती दुसरीच होती. आईला कुठेही ठेवलं तरी तिच्यावर काय गुदरतं, ते ती मला सांगणार नव्हती. वरून माल चांगला दिसला तरी आत काय आहे, ते कळायला वाट नव्हती.

मग मी मला येतं ते केलं. तीन ठिकाणं हेरली आणि तक्ता केला. खाटा किती, आया किती, डॉक्टर आठवड्यातून कितीदा, संडासात धरायला दांडा आहे का, रुग्णवाहिका किती लांब. कारखान्यातल्या टाइमकीपरने तो बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं ठीक. पण एकदा भालेराव सिस्टरना दाखवा."

सिस्टरांनी चष्मा लावून तक्ता पूर्ण वाचला. मला बरं वाटलं, कारण साहेबसुद्धा पूर्ण वाचत नसत.

"छान केलंयस," त्या म्हणाल्या. "यात आई कुठं आहे?"

"आईची माहिती वेगळ्या कागदावर आहे. वय, औषधं..."

"तसं नाही. आई काय म्हणते?"

"आई फक्त 'नको' म्हणते."

"कशाला?"

"सगळ्यालाच."

"सगळ्याला सारखंच?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "शब्द एकच आहे, सिस्टर." त्यांनी चष्मा काढून साडीला पुसला. "बरं," म्हणाल्या. "शनिवारी हाफ डे असेल ना तुला? दीडला स्टेशनवर ये. पोटभर जेवून ये, दोन तास बसायचंय."

पहिलं ठिकाण उल्हासनगरातलंच, माझ्या तक्त्यात सगळ्यात वर. तळमजला, पांढऱ्या फरश्या, लिंबाच्या वासाचं फिनेल, प्रत्येक खाटेला नंबर. मॅनेजर फार आदबशीर. "मॅडम, एकदम फर्स्ट क्लास. फॅमिली जैसा माहौल." सिस्टर दोनला आडव्या झाल्या. मी बाहेरच्या बाकावर त्यांचं घड्याळ मुठीत धरून बसले. इतकी शांतता होती की ते घड्याळ मला ऐकू येत होतं. मनात म्हटलं, आईला अशी विश्रांती कधी मिळाली?

चारला सिस्टर उठल्या. टपरीवर जाऊन चहा सांगितला. मग चिठ्ठी दिली. 'नाही. कुणीच खोकलं नाही.'

"म्हणजे?"

"बावीस म्हातारी माणसं आहेत आत. म्हातारं माणूस दुपारी झोपत नाही गं, पडून राहतं. कण्हतं, कूस वळतं, देवाला शिव्या देतं. हे बावीसच्या बावीस दोन ते चार दगडासारखे. तुला काय वाटतं, लिंबाच्या वासानं झोप लागते?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "फॅमिली म्हणे. फॅमिलीत कुणीतरी खोकतं."

दुसरं ठिकाण अंबरनाथला, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. तिथल्या आया हसऱ्या होत्या, रेडिओ चालू होता. सिस्टर पडल्या असताना आईसारखी वाटणारी एक आया आली, तिने चादर नीट करायला सिस्टरांचा हात उचलून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या आयेशी बोलत बोलत पुढे गेली. मला तर त्यात मायाच दिसली. चिठ्ठीत होतं, 'माणसं बरी. पण मी आहे हे न सांगता हात लावतात.'

"एवढ्यावर नाही म्हणायचं?" मी विचारलं. "तिने वाईट काय केलं?"

"काहीच नाही. पण मी मेलेली नव्हते, राणे."

मी चिडले. शनिवार संपत होते, रजा संपत होती, आणि ही बाई डोळे मिटून पडल्यापडल्या माझा तक्ता खोडत होती. मी म्हटलं, "आता एकच उरलंय. ते माझ्याच यादीत शेवटी आहे."

"मग तर बघूच," त्या म्हणाल्या.

ते तिसरं म्हणजे खरवईला. आज तिथे इमारती आहेत, पण तेव्हा बदलापूर पूर्वेला कात्रप ओलांडलं की रस्ता भातखाचरांतून जायचा आणि समोर डोंगर निळे होऊन बसलेले असायचे. एका निवृत्त शिक्षकाने, त्यांना सगळे मास्तरच म्हणत, आपल्या कौलारू घरात आठ खाटा टाकल्या होत्या. अंगणात मोठी जांभूळ. न्हाणीत शेवाळ. एक कोंबडी थेट खाटांच्या मधून चालत गेली आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा. दांडा नाहीच. मी मनातल्या मनात शेवटच्या रकान्यावर काट मारली.

सिस्टरांना खिडकीजवळची खाट मिळाली. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटले. मी ओट्यावर बसले.

त्या दुपारबद्दल मला नेमकं काही सांगता येत नाही. एरवी मला तपशील आठवतात, त्या दिवशीचे वितळून गेलेत. माघ संपत आला होता. ऊन खाचरांवर साचल्यासारखं उभं होतं, आणि त्यात दूरचा एक बैल जागच्या जागी चालत असल्यासारखा दिसत होता. आत मास्तर एका बहिऱ्या आजोबांना जुनं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि आजोबा मधूनच "बरोबर" म्हणत होते. कुणीतरी खोकलं. कुणीतरी कुणालातरी म्हणालं, "मेल्या, पाय काढ." जांभळीची सावली ओट्यावरून सरकत माझ्या पायांवर आली आणि पुढे गेली. मी जागी होते हे नक्की, पण कुठे होते ते सांगता येणार नाही. घड्याळ पाहिलं तर सव्वाचार.

आत गेले. सिस्टर घोरत होत्या. चक्क घोरत होत्या, तोंड थोडं उघडं टाकून. त्यांच्या अंगावर एक जुनं लुगड्याचं पांघरूण होतं, येताना नव्हतं ते. उशाशी लाकडी स्टूल, त्यावर पाणी. खाटेच्या पलीकडे जमिनीवर एक काळीसावळी, बारकी बाई गवार निवडत बसली होती. तिने मला बघून ओठांवर बोट ठेवलं. ती सोमी. बारवी धरणाकडच्या एका ठाकरवाडीतली. रोज पायी यायची.

पावणेपाचला सिस्टरांना जाग आली. त्या दचकून उठल्या, पदर सावरला, पाणी प्याल्या. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथं ठेव आईला."

"इथं? न्हाणी बघितलीत तुम्ही? दांडा नाही, डॉक्टर..."

"दांडा बसवून घेता येतो. न्हाणी घासता येते."

"आणि चिठ्ठी?"

"देते नंतर," त्या म्हणाल्या आणि भराभर रस्त्याला लागल्या.

चिठ्ठी दिली नाही. मी मागितलीही नाही, कारण तोपर्यंत त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसला होता. मी दांडा बसवून घेतला, न्हाणीची फरशी बदलून घेतली आणि फाल्गुनात आईला खरवईला पोचवलं. तिला खाटेवर ठेवून निघाले तेव्हा ती म्हणाली, "नको." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले. रडले वगैरे नाही. घरात झाडू मारला.

दर रविवारी मी जायचे. सिस्टर दर गुरुवारी जात. मला सुरुवातीला नवल वाटलं. मग वाटलं, म्हाताऱ्या बाईला आईचा लळा लागला असेल. मास्तर म्हणायचे, "दुपारी येतात, आईच्या शेजारच्या खाटेवर पडतात आणि जातात. बोलत नाहीत फारशा."

सोमी मात्र बोलायची. एका रविवारी मी आईला खीर भरवत होते. आई म्हणाली, "नको." मी वाटी खाली ठेवली. सोमी म्हणाली, "ठेवली कशाला? तिला पायजे की."

"नको म्हणाली ना."

"ह्यो नको घाईचा हाय. हळू भरव म्हनते. खरंच नको असल तवा ती असा म्हनत नाय." मग माझ्याकडे बघून हसली. "आजी दिसभर बोलते. तुमालाच आयकू येत नाय."

मला ते लागलं, पण पटलं नाही. अडाणी बाईची माया, असं म्हणून मी सोडून दिलं.

त्या भाद्रपदात ओढ्याला पाणी चढलं आणि खरवईचा रस्ता दोन दिवस बंद झाला. आईला नेमका त्याच वेळी ताप आला. मला गुरुवारी सकाळी कारखान्यात निरोप मिळाला, मी अर्धी सुट्टी टाकून चिखल तुडवत पोचले. तोपर्यंत डॉक्टर येऊन गेला होता, ताप उतरला होता. पण दोन दिवस डॉक्टर नव्हता, आणि माझ्या तक्त्यात हे मी आधीच लिहिलं होतं.

आईच्या शेजारच्या खाटेवर सिस्टर आडव्या होत्या, डोळे मिटून. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"सिस्टर," मी म्हटलं, "मी सांगितलं होतं डॉक्टर आठवड्यातून एकदा. तुम्ही म्हणालात म्हणून इथं ठेवली. ती गेली असती तर?"

त्यांनी डोळे उघडले, पण उठल्या नाहीत.

"राणे, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी तपासणी केली नाही."

"काय?"

"झोपले. त्याआधी दोन रात्री शेजारणीच्या सुनेपाशी होते, बाळंतपण अडलं होतं. इथं पडले आणि डोळा लागला. एक आवाज ऐकला नाही मी. उठले आणि लाजेनं काहीतरी बोलून बसले. इतक्या वर्षांत कुठल्या खाटेवर मला झोप लागली नव्हती, तर इथंच लागली, म्हणून मनानं कौल दिला. पण तो कौल होता. तपासणी नव्हे."

मी खरेदी विभागातली बाई. माल न उघडता सही करणाऱ्या माणसाबद्दल माझं काय मत आहे, ते त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "माझी आई ठेवली मी. तुमच्या झोपेच्या भरवशावर."

"हो."

"आणि सांगितलं नाहीत."

"नाही. म्हणून दर गुरुवारी येते. सात महिने झाले. चिठ्ठी अजून दिलेली नाही तुला." त्या उठून बसल्या. "तुला हलवायची असेल आईला तर आज हलव, मी गाडी बघते. पण आधी एकदा तू आडवी हो. माझं ऐकू नकोस. घड्याळ दे इकडे."

मी रागातच घड्याळ सोडलं आणि त्यांच्या जागी पडले. खाट अजून गरम होती.

आधी काहीच नव्हतं. पागोळ्या गळत होत्या. मग एकेक आवाज वेगळा व्हायला लागला, पाण्यात हात घालून तळाचे खडे चाचपावेत तसा. मास्तरांचं वर्तमानपत्र. आजोबांचं "बरोबर". अनवाणी पावलं आली, उंबऱ्याशी हळू झाली. "आजी, सोमी आलेय गं," आणि मगच खाटेची कुरकुर.

आई म्हणाली, "नको." शब्द शेवटाकडे उंच गेला.

"हां, वळवते. धर मला."

थोड्या वेळाने आई पुन्हा म्हणाली, "नको." हा आखूड होता, कुरकुरीचा.

"परवा ताप चढला तवा बी असाच बोललीस, मास्तरला सांगितलं मी. रुळारुळानं गेला बिचारा औषदाला. आता नाय ताप. डोसकं खाजवते थांब."

मग खसखस. मग सोमी उठली असावी, कारण खाट पुन्हा वाजली. आणि आई तिसऱ्यांदा म्हणाली, "नको." इतकं हळू, की मी उभी असते तर मला ऐकूच आलं नसतं.

"नाय जात. हितंच हाय," सोमी म्हणाली. "गवार निवडते."

शेंगा मोडायला लागल्या. टक. टक. आईचा श्वास त्या तालावर संथ झाला.

मी डोळे उघडले. वर कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलेलं होतं. पाऊस उघडला होता, आणि त्यातून उन्हाचा एक चौकोन आईच्या पांघरुणावर पडला होता. तो सरकत होता. सात महिने आई हा चौकोन बघत होती आणि मला माहीत नव्हतं. पायाशी आला की मास्तर वाचायला बसतात, पोटावर आला की सोमी येते. हे मी नंतर पडताळून पाहिलं, बरोबर होतं. आईजवळ घड्याळ होतं.

चार वाजता मी उठले आणि बाहेर येऊन घड्याळ परत घेतलं. मी सिस्टरना म्हटलं, "फाल्गुनात मी तिला इथं सोडून निघाले, तेव्हाही ती असंच म्हणाली होती. तो तिसरा 'नको'."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "मग? गाडी बघू?"

"नको," मी म्हटलं.

आई आणखी दीड वर्ष जगली. पाठीला एकही जखम न होता गेली. तेरावं झालं त्या दिवशी सिस्टर घरी आल्या, पर्स उघडली आणि चिठ्ठी दिली. 'तपासणी पूर्ण. ठेवण्यासारखं.' मी ती ऑफिसच्या फायलीत लावतात तशी छिद्र पाडून लावली. "उशीर झाला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "माल परत करायची वेळ आली नाही, तेवढं बरं." त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर शनिवारी जात राहिले. घड्याळ धरायचं काम माझं. पुढे त्यांचे गुडघे गेले, मग डोळे. एक दिवस म्हणाल्या, "खरवईला खिडकीजवळची खाट मोकळी आहे म्हणे. तू तपासून ये."

"तुम्हाला तर माहीत आहे सगळं."

"दुसऱ्याच्या आईसाठी माहीत आहे. स्वतःसाठी माणूस आंधळा असतो. मास्तर थकलेत, सोमीलाही वय झालं. तू जा. आणि झोपू नकोस माझ्यासारखी."

मी गेले, दोन ते चार पडले, झोपले नाही. चिठ्ठी लिहिली. 'ठेवण्यासारखं. सोमी अजून उंबऱ्याशी हळू होते.' त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "आता हे तुझ्याकडेच राहू दे," म्हणाल्या. "मी आडवी व्हायला चालले."

तिथे त्या दोन हिवाळे राहिल्या. दुसऱ्या हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, चहाच्या आधी गेल्या. पुतण्या नाशिकहून आला, अंत्यविधी उल्हासनगरलाच झाला. सिंधी बायका अदी अदी करून रडल्या. मी सामान आणायला शनिवारी खरवईला गेले. सामान म्हणजे दोन साड्या, चष्मा आणि ती वीतभर मूर्ती. पिशवी पाच मिनिटांत भरली.

खाट मोकळी होती. नवी चादर घातलेली. दोन वाजत होते आणि गाडी पाचची होती. मी चपला काढून भिंतीला लावल्या. मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सोमीच्या हातात दिलं.

"मला नाय समजत ह्यातलं," ती म्हणाली.

"नुसतं धर."

मी आडवी झाले. ऐकायचं असं ठरवून डोळे मिटले. मास्तरांचा आवाज आता बारीक झाला होता. "बरोबर" म्हणणारं कुणी नव्हतं. कुणीतरी खोकलं. पावलं आली, उंबऱ्याशी हळू झाली. शेंगा मोडायला लागल्या. पुढचं मला आठवत नाही.

"उठा बाय," सोमी म्हणत होती. "सावली पायरीवर गेली. गाडी चुकल."

माझ्या अंगावर लुगड्याचं पांघरूण होतं. ते मी घेतलं नव्हतं. घसा कोरडा पडला होता. डोळे नीट उघडायच्या आधीच मी हात बाजूला टाकला, आणि पाणी तिथेच होतं.